सासूबाईंचा फोन आणि केबलवाल्याचं नेट

फोंडा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"आमचं घर सावईवेऱ्याच्या बाजूला, कुळागरात. घरी मी, माझे यजमान आणि ८२ वर्षांच्या सासूबाई. सासऱ्यांनी पाच वर्षं वाट बघून १९९४ साली फोन घेतला, तो अजून त्यांच्याच नावावर आहे. यंदा पाऊस लागल्यापासून लाईन तीनदा गेली. लाईनमन येतो, जोड मारतो, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून जातो. चार दिवस खरखर, मग पुन्हा मुकी. ऑफिसात गेलं की 'आता तांब्याची वायर बदलून मिळत नाही' म्हणतात. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, वाड्यावर केबलवाल्याचं नेट आलंय, त्याच्यावर फोनही मिळतो, जुना सोडून दे. घरात मोबाईलला रेंज नाही, बोलायला तुळशीकडे जावं लागतं. सासूबाईंना मोबाईल जमत नाही. त्या एकच विचारतात, 'हा नंबर गेला तर मुंबईची माझी बहीण मला कुठे शोधणार?' मला काही सुचत नाही. काय करू?"

सप्रेम नमस्कार.

ताई, सासूबाईंच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यांनी विचारला आहे.

मोबाईलची कंपनी बदलली तरी नंबर आपलाच राहतो. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. मुलांना तिची इतकी सवय झालीय की घरच्या फोनचंही तसंच असणार असं ती धरून चालतात. पण घरच्या फोनचा नंबर आपल्याकडे एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. केबलवाल्याकडून फोन घेतलात तर त्याचा नंबर नवा असेल. पुढे ०८३२ तेच, पण त्यानंतरचे सातही आकडे वेगळे. आणि जुनी लाईन एकदा सोडून दिलीत की तो नंबर परत मिळेल याची खात्री नाही. म्हणून पहिलं सांगणं हे, की लाईन मुकी असली तरी ती बंद करण्याचा अर्ज इतक्यात देऊ नका. मुलगा कितीही घाई करो.

आता जायचं कुठल्या वाटेने ते सांगते. आधी तुमच्या जुन्या कंपनीच्याच ऑफिसात जा आणि 'लाईन दुरुस्त करा' असं न म्हणता 'आमच्या वाड्यावर तुमची फायबर (म्हणजे काचेची तार) पोचलीय का' असं विचारा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बऱ्याचदा टेबलही वेगळं असतं. तांब्याच्या जोडीवरून फायबरवर जाताना कंपनी तीच राहते, त्यामुळे नंबर बहुतेक ठिकाणी तोच ठेवता येतो. 'ठेवता येतो' म्हणजे आपोआप राहतो असं नव्हे. अर्जावर 'सध्याचा नंबर कायम ठेवून' हे शब्द स्वतःच्या हाताने लिहा. नवी जोडणी म्हणून अर्ज घेतला गेला तर नंबरही नवाच येतो आणि मग ऑफिसच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

फायबर वाड्यावर पोचली नसेल, किंवा 'येईल, येईल' असंच उत्तर मिळत असेल, तर केबलवाल्याचं नेट खुशाल घ्या, पण तूर्त निव्वळ नेट म्हणून. ते तुम्हाला तसंही हवंच आहे. चिऱ्याच्या जाड भिंती आणि चहूबाजूंनी पोफळी, तिथे मोबाईलची रेंज घरात येणार कुठून? घरात वायफाय आलं की बहुतेक नव्या मोबाईलमध्ये 'वायफाय कॉलिंग' नावाची सोय सेटिंगमधून सुरू करता येते. मग मोबाईलचा फोन टॉवरऐवजी घरच्या नेटवरून येतो-जातो. नंबर तुमचाच आणि वेगळं ॲपही लागत नाही. एवढ्यानेच तुमचं भर पावसात तुळशीकडे धावणं थांबेल. जुन्या नंबरासाठी कंपनीला 'कॉल फॉरवर्ड'ची सोय सुरू करायला सांगा आणि तो नंबर यजमानांच्या मोबाईलवर वळवा. वळवण्याचं काम एक्स्चेंजमध्ये, म्हणजे कंपनीच्या फोन केंद्रात होतं, तुमच्या घरच्या तारेवर ते अवलंबून नसतं. त्यामुळे लाईन मुकी असतानाही मावशींनी मुंबईहून जुना नंबर फिरवला तर फोन वाजेल, एवढंच की यजमानांच्या खिशात. वळवलेल्या कॉलचे पैसे तुमच्या प्लॅनमध्ये कसे धरतात तेवढं आधी विचारून घ्या.

नंबराचं झालं. आता विजेचं सांगते, आणि हे जरा सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे.

जुन्या फोनला घरची वीज लागत नाही. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असते. तिचे ४८ व्होल्ट त्याच दोन बारीक तारांतून आपल्या घरापर्यंत येतात आणि त्यावर रिसीव्हर बोलतो. म्हणून मृगाच्या पहिल्या वादळात माड आडवा होऊन सगळ्या वाड्याची लायट गेली तरी फोनला टोन असायचा. केबलवरचा किंवा फायबरवरचा फोन तसा नाही. फायबर ही काच. तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. त्या प्रकाशाचा आवाज करायला घरात एक बॉक्स लागतो आणि तो बॉक्स आपल्या भिंतीवरच्या प्लगावर चालतो. घरची लायट गेली की बॉक्स गेला आणि बॉक्स गेला की फोन गेला.

माझी आई सांखळीला एकटी राहते. तिचा जुना फोन बदलून तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी नवा घेऊन दिला. बॉक्स टीव्हीच्या मागच्या प्लगावर लावला, तिथे बरा दिसत होता. घरी इन्व्हर्टर आहे, मग काळजी कसली, असं मी धरून चालले. जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास तिकडची लायट गेली. मी पणजीहून फोन लावतेय तर लागत नाही. घरात पंखा फिरतोय, खोलीतला दिवा जळतोय, म्हणजे इन्व्हर्टर चालू होता, पण टीव्हीमागचा तो प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतलेलाच नव्हता. सकाळी शेजारणीच्या मोबाईलवरून आई बोलली तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "अगं, रात्रभर उचलून उचलून बघितला. फोनात जीवच नव्हता." ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. चूक कंपनीची नव्हती आणि केबलची तर नव्हतीच. मी इलेक्ट्रिशियनला एक प्रश्न विचारायला हवा होता.

तुम्ही तो विचारा. घरी इन्व्हर्टर असेल तर बॉक्सचा प्लग त्याच्या लाईनवर आहे का, हे मेन स्विच पाडूनच तपासा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. बॉक्सच्या ॲडाप्टरवर बारीक अक्षरात '१२ व्होल्ट, १ अँपिअर' असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे तो फार तर १२ वॅट खातो. छताचा जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, त्याच्या सहाव्या हिश्शाइतकीही ही भूक नाही. इन्व्हर्टरला त्याचा भार जाणवणार नाही. इन्व्हर्टर नसेल तर अशा बॉक्ससाठी (दुकानात त्याला राउटर म्हणतात) छोटा यूपीएस, म्हणजे लायट गेल्यावर चालणारी बॅटरी मिळते, हातात मावेल एवढी. घेताना ॲडाप्टरवरचा व्होल्टचा आकडा आणि पिनचा आकार जुळवून घ्या. ती दोन-चार तास काढते. आपल्याकडे फांदी पडून तार तुटली की वीज खात्याची माणसं येईपर्यंत कधी रात्र जाते, तेवढ्याला ती पुरणार नाही. म्हणून सासूबाईंच्या खोलीपुरता का होईना, इन्व्हर्टर घेण्याचा विचार करा. मुलाला काही द्यायचंच असेल तर त्याने ते द्यावं.

पण घरातला बॉक्स चालू राहिला म्हणजे सगळं झालं असं नाही. केबलवाल्याची तार तुमच्या घरापासून त्याच्या ऑफिसापर्यंत कशी जाते यावरही बरंच ठरतं. काही ठिकाणी मध्ये फक्त काचेचे फाटे असतात, त्यांना वीज लागत नाही. काही ठिकाणी मात्र वाटेत कुणाच्या तरी दुकानात किंवा ओसरीवर एक पेटी बसवलेली असते आणि ती त्या दुकानाच्या विजेवर चालते. तिथली लायट गेली की तुमच्या इन्व्हर्टरचा उपयोग शून्य. केबलवाल्याला हे विचारलंत तर तो 'काळजी नको' म्हणेल. त्यापेक्षा ज्यांच्याकडे त्याचं नेट आणि इन्व्हर्टर दोन्ही आहे अशा शेजाऱ्यांना विचारा, 'अख्ख्या वाड्याची लायट जाते तेव्हा तुमचं नेट चालतं का?' त्यांच्या उत्तरावर विश्वास ठेवा.

केबलवाल्याला मात्र दुसरं एक विचारा. 'फोनचं बिल कुणाच्या नावाने येणार?' आपल्या देशात फोन नंबर देण्याचा परवाना असलेली कंपनीच नंबर देऊ शकते, नुसतं इंटरनेट देणाऱ्याला ते करता येत नाही. म्हणजे केबलवाला 'फोनही देतो' म्हणतो तेव्हा त्याच्या मागे अशी एखादी कंपनी असायला हवी. तिचं नाव, तिच्या तक्रार केंद्राचा नंबर, आणि तक्रार केल्यावर मिळणारा तक्रार क्रमांक या तीन गोष्टी स्पष्ट असतील तरच पुढे जा. तक्रार केंद्राने ऐकलं नाही तर त्याच कंपनीत वर अपील करता येतं, पण ते त्या क्रमांकावाचून पुढे सरकत नाही. केबलवाला ओळखीचा, गावातला, चवथीला वर्गणी देणारा असतो म्हणून आपण हे विचारायला संकोचतो. संकोचू नका.

वेगाच्या आकड्यांना भुलू नका. एका फोनच्या बोलण्याला सेकंदाला साधारण १०० किलोबिट पुरतात. ३० एमबीपीएसचा साधा प्लॅन म्हणजे सेकंदाला ३०,००० किलोबिट, त्याच्या तीनशेपट. तुमच्या घराला तो भरपूर आहे. जाहिरातीतल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो धरून महिन्याचा हिशेब करा.

आता घरातली जोडणी. तुम्ही लिहिलं नाहीत, पण जुन्या घरांत बहुधा एक फोन ओसरीवर आणि एक आतल्या खोलीत अशी जोड दिलेली असते. नव्या बॉक्सच्या मागे फोनची वायर लावायची छोटी खाच असते. घरातली जुनी वायर तिथे जोडली की दोन्ही फोन पूर्वीसारखे वाजतात. फक्त त्याआधी बाहेरून आलेली जुनी तांब्याची जोडी भिंतीवरच्या डबीतून सोडवून घ्यायला सांगा. ती तशीच राहिली आणि एक्स्चेंजची वीज उलटी बॉक्समध्ये शिरली तर ती खाच जळू शकते. जोडणी करायला येणारा मुलगा घाईत असतो, तुम्ही शेजारी उभ्या राहा.

सासूबाईंचा फोन कुठला आहे? बोटाने चकती फिरवायचा जुना असेल तर नव्या बॉक्सवर तो वाजेल आणि त्यावर बोलताही येईल, पण त्यावरून नंबर लागेलच असं नाही. चकतीचे टकटक ठोके पुष्कळशा नव्या बॉक्सना कळत नाहीत, त्यांना बटणांचे सूर लागतात. मोठ्या बटणांचा, वायरवाला फोन घ्या. कॉर्डलेस नको, त्याच्या बैठकीला पुन्हा वेगळा प्लग लागतो आणि आपण फिरून त्याच लायटीच्या प्रश्नावर येतो. जुना फोन टाकून देऊ नका, त्यांच्या नजरेसमोर राहू दे.

तुमच्या कुळागरात फायबर येणार ती माडापोफळींवरून आणि विजेच्या खांबांवरून. झावळ पडली, वांदरांनी झोका घेतला की ती तुटते, आणि काचेला पिशवी गुंडाळून जोड मारता येत नाही. यंत्रावर वितळवून जोडावी लागते. म्हणून तार घराकडे आणताना जुन्या माडाखालून नको म्हणून सांगा, दहा मीटर जास्त गेली तरी चालेल. घरात आल्यावर तिला दाराच्या फटीतून काटकोनात वळवू देऊ नका, भिंतीला गोलाईने न्यायला लावा. चवथीच्या साफसफाईत झाडूने ओढली गेली तरी आतली काच मोडते आणि बाहेरून काही दिसत नाही. एक बरं आहे, की वीज कडाडताना तांब्याच्या तारेतून धक्का घरात यायची जी भीती असायची, ती काचेतून येत नाही. केबलवाला काचेऐवजी टीव्हीची जाड काळी केबल ओढणार असेल तर तिच्या पोटात तांबं असतं आणि ही भीती तशीच राहते. विचारून घ्या.

सासूबाईंना बॉक्सवरचा एक दिवा दाखवून ठेवा. बहुतेक फायबर बॉक्सवर 'एलओएस' लिहिलेला एक दिवा असतो, तार शाबूत असेल तर तो विझलेला असतो आणि तुटली की लाल होतो. टोन नसेल तर आधी बॉक्सवर दिवे आहेत का बघायचं. एकही नसेल तर वीज गेली, लाल असेल तर तार गेली. माझ्या आईला हे आता माझ्यापेक्षा लवकर कळतं. पहिल्या दिवशी मात्र तिला मी दहा वेळा मेन पाडून दाखवलं होतं, आणि दर वेळी तिने रिसीव्हर कानाला लावून "आहे जीव" असं म्हटल्यावरच मी पुढे गेले.

फोनशेजारी एक पुठ्ठा लावा, जाड स्केचपेनने लिहिलेला. वर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. त्याखाली तुमच्या घराचा पत्ता, वाड्याचं नाव, जवळचं देऊळ, रस्त्यावरून आत कुठे वळायचं ते. नव्या प्रकारच्या जोडणीत पलीकडच्या माणसाला आपलं घर कुठे हे दिसेलच असं धरू नका, आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही. वही असेल तर तिच्यातले मोबाईल नंबर पुढे शून्य लावून पुन्हा लिहून काढा. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाईलला लावताना तो शून्य लागतोच. काही नव्या जोडण्यांवरून गोव्यातल्या गोव्यात लावतानाही ०८३२ फिरवावं लागतं. तसं असेल तर वहीतले फोंड्याचे, पणजीचे नंबरही तसेच लिहा.

राहिली कागदपत्रं. फोन सासऱ्यांच्या नावावर आहे आणि फायबरसाठी कंपनी हयात माणसाची ओळखपत्रं मागणार. तिथे अडलं की काउंटरवरचा माणूस सोपा उपाय सुचवतो, 'जुना बंद करा, तुमच्या नावाने नवा घ्या.' तो उपाय घेऊ नका, नंबर तिथेच जातो. आधी फोन सासूबाईंच्या किंवा यजमानांच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला लागेल, यजमानांना भावंडं असतील तर त्यांची ना-हरकत मागतील. चवथीला सगळी घरी येतीलच, तेव्हाच सह्या घेऊन टाका. नाव बदललं की मग फायबरचा अर्ज.

आणि हे काहीच जमलं नाही, फायबर आलीच नाही, तांब्याची लाईन कायमची मुकी झाली, तर नवा नंबर घ्यावा लागेल. तेव्हाही दोन-तीन महिने दोन्ही चालू ठेवा, जुना मोबाईलवर वळवलेला. भाडं दुप्पट जाईल, जाऊ दे. त्या दिवसांत जुन्या नंबरावर जो कोणी फोन करील त्याला नवा नंबर सांगायचा आणि नाव लिहून ठेवायचं. बँक, गॅस, डॉक्टर, देवस्थान यांना तुम्ही स्वतः कळवा. मावशींना मात्र सासूबाईंनीच, नव्या फोनवरून, स्वतःच्या हाताने बटणं दाबून कळवावं. तो पहिला फोन त्यांचा असू दे.

जुनी लाईन शेवटी बंद करायची वेळ आलीच तर १९९४ साली भरलेलं डिपॉझिट मागायला विसरू नका. पाच वर्षं वाट बघून फोन घेणाऱ्या माणसाने त्याची पावती कुठेतरी नक्की जपून ठेवली असेल. सासूबाईंना विचारा, कपाटातली कुठली फाईल ते त्यांना ठाऊक असेल. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या आणि ती प्रतही त्याच फाईलीत लावा.